मागून वाजवणारा

तालमीत ड्रमरची लय चौथ्यांदा ओढली, तशी कंडक्टरने छडी खाली ठेवली. "मागे पडतोयस तू." ड्रमर गोरामोरा झाला. "सर, कोणीतरी माझ्या मागून वाजवतंय." सगळे हसले. मीही.

ध्वनिमुद्रणासाठी मी शेवटच्या रांगेत टेबल मांडून बसलो होतो. तिथे ठोका स्वच्छ, एकेरी येत होता. शिवाय संथ रचनेत गडी ठीक वाजवायचा, जलद रचनेतच डगमगायचा. दोष त्याच्या हातातच, असं ठरवून मी मोकळा झालो.

सुट्टीत माइक तपासायला मंचावर गेलो, सहज त्याच्या स्टुलावर बसलो आणि एक टाळी वाजवली. समोरून कोणीतरी टाळी परत दिली.

प्रेक्षागृहाची मागची भिंत आतून वळलेली, वर गुळगुळीत गिलावा. अशी भिंत आवाज पसरवत नाही, गोळा करून परत टाकते. आणि ड्रम नेमका तिच्या वळणाच्या केंद्राजवळ. अंतर मोजलं: २२ मीटर. जाऊन-येऊन ४४. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे उशीर १२८ मिलिसेकंदांचा. जलद रचना मिनिटाला १२० मात्रांची, तिच्यात ठोके पाव-पाव मात्रेवर, म्हणजे दर १२५ मिलिसेकंदांनी. प्रत्येक ठोक्याचं भूत पुढच्या ठोक्याला चिकटून, केसभर उशिरा येत होतं आणि हा बिचारा त्याच्याशी जुळवून घेत होता!

मला का कळलं नाही? माझ्या मागे भिंत जेमतेम ३ मीटरवर. १७-१८ मिलिसेकंदांत परतलेला आवाज कान सुटा धरतच नाही, मूळ आवाजात मिसळतो. उलट तो भरदार वाटतो. साधारण ५० मिलिसेकंदांपलीकडे मात्र ड्रमसारखा तुटक आवाज वेगळा ऐकू येऊ लागतो. त्या टेबलावर बसून मी वर्षभर खुशाल निकाल देत होतो.

प्रेक्षक आले की आवाज शोषला जाईल, असं आयोजकांचं म्हणणं. पण डोक्यांच्या वरची भिंत उघडीच राहते. शेवटी तिथे जाड मखमली पडदा भरपूर चुण्या घालून टांगला आणि ड्रम दीड मीटर बाजूला सरकवला. पडद्याने खर्ज फारसा जात नाही, पण स्नेअरची, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमची, टोकदार कड तो बऱ्यापैकी गिळतो.

संध्याकाळी लय हलली नाही. नंतर मी ड्रमरला सकाळचं मुद्रण संगणकाच्या स्क्रीनवर दाखवलं: सुट्या ठोक्यांमागे एकेक छोटा उंचवटा. त्याने मोबाइलवर फोटो काढला आणि तडक कंडक्टरच्या खोलीकडे निघाला.