सगळ्यांच्या मागून : बोपदेव – नारायणपूर – जुना कात्रज घाट राईड

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी आमच्या पुण्यातल्या सायकल ग्रुपची गोल राईड झाली : सारसबाग, बोपदेव घाट, सासवड, नारायणपूर, कापूरहोळ आणि जुन्या कात्रज घाटातून परत. चौदा जण, नव्वदीच्या आसपास किलोमीटर, आणि स्वीप माझ्याकडे. स्वीप म्हणजे सगळ्यांत शेवटी चालवणारा. पंप, ट्यूबा, प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याकडे असते आणि कुणीही त्याच्या मागे राहता कामा नये. हा रस्ता मी बऱ्याचदा केला आहे, पण शेवटून पहिल्यांदाच. मागून पाहिल्यावर ग्रुप राईडमधल्या काही गोष्टी इतक्या स्पष्ट दिसल्या की लिहून ठेवाव्याशा वाटल्या. ज्यांना हाच रस्ता करायचा आहे त्यांना उपयोग होईल.

पावणेसहाला निघालो. निघण्याआधी लीड करणाऱ्या काकांनी थांबे सांगितले : बोपदेवचा माथा, सासवड, नारायणपूर, कापूरहोळ फाटा, जुना बोगदा. बस्स, पाचच. हे आधी सांगणं फार महत्त्वाचं आहे. पुढचा थांबा ठाऊक असला की मागे पडलेला माणूस घाबरत नाही आणि पुढे गेलेला वाट्टेल तिथे टपरीवर उतरत नाही. प्रत्येकाने मागचा लाल दिवा लावला आहे ना, तेही तिथेच पाहून घेतलं. दोघांचे दिवे चार्ज नव्हते. माझ्याकडचा एक जादा दिवा कामी आला, दुसऱ्याला मधे घेतलं.

गंगाधामपासून आईमाता मंदिराचा चढ लागतो. अंग तापलेलं नसतं आणि सगळे जोशात असतात, त्यामुळे इथेच पाय संपवून घेणारे बरेच. हा चढ सगळ्यांत हलक्या गिअरवर, गप्पा मारता येतील इतक्या वेगाने करा. खडीमशीन चौक ते येवलेवाडी हा पट्टा मला कधीच आवडला नाही. डंपर असतात, कडेला बारीक खडी सांडलेली असते. एकामागे एक, पुढच्याच्या चाकाला चाक न लावता, हात दाखवत चालवा. खड्डा दिसला की पुढच्याने ओरडायचं आणि हात खाली करून दाखवायचं. ते मागे मागे पोहोचत शेवटच्यापर्यंत यायला हवं. मी शेवटची होते म्हणून कळलं : पहिल्या आठ जणांपर्यंत "खड्डा" नीट येतो, पुढे कुणीतरी गप्प राहतो आणि साखळी तुटते. तुम्ही मधे असाल तर तुमचा आवाज मागच्यासाठी आहे हे लक्षात ठेवा.

उजाडता उजाडता घाटाच्या पायथ्याशी आलो. ही वेळ मुद्दाम साधलेली. अंधारात बोपदेवमध्ये शिरू नका, एकट्याने तर नकोच.

घाट जेमतेम चार-पाच किलोमीटरांचा, पण शेवटची वळणं चांगलीच उभी आहेत. आमच्यात एक शाळेतली शिक्षिका नव्याने आली होती. हायब्रिड सायकल, आयुष्यातला पहिला घाट. तिसऱ्या वळणावर ती उतरली. मी पोहोचले तर म्हणाली, "ताई, तुम्ही जा पुढे. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको."

"मी पुढे जाऊच शकत नाही. आज माझं कामच मागे राहायचं आहे."

मग दोघी कठड्यापाशी पाच मिनिटं उभ्या राहिलो. तिची सीट चांगली दोन बोटं खाली होती. नवीन माणूस घाबरून सीट खाली ठेवतो, पाय टेकावेत म्हणून. मग पाय पूर्ण सरळ होत नाही आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली असताना पाय सरळ व्हायला हवा, एवढी साधी खूण. किल्ली माझ्याकडे होतीच, तिथेच सीट वर केली. दुसरी गोष्ट गिअरची. चढ पायाला लागल्यावर गिअर बदलायला गेलं की चेन करकरते, कधी उतरते. वळणाच्या आधी, पाय मोकळे असतानाच हलका गिअर टाकायचा. आणि चढावर थांबल्यावर पुन्हा निघायचं कसं हे कुणी शिकवत नाही. मागून गाडी नाही हे बघून सायकल रस्त्याला तिरकी धरायची, एक पॅडल वर घ्यायचं, दोन्ही ब्रेक दाबून बसायचं आणि मग एका दमात निघायचं. सरळ चढाकडे तोंड करून निघालं की पहिल्याच पॅडलला तोल जातो. तिसऱ्या प्रयत्नात तिला जमलं. नंतर ती आणखी दोनदा उतरली, पण चालत गेली नाही. दम खाल्ला आणि पुन्हा सीटवर बसली.

मी तिच्या अगदी चाकामागे राहिले नाही. आठ-दहा मीटर सोडून चालवत होते. स्वीप मानगुटीवर बसला की पुढच्याला सारखं वाटत राहतं की आपल्याला ढकलताहेत. मधूनच जवळ जाऊन दोन शब्द बोलायचे, पुन्हा मागे यायचं. आणखी एक, अनुभवी लोकांसाठी : चढावर सीटवरून उठून चालवायला लागलात की त्या क्षणी सायकल थोडी मागे येते. मागे कुणी चिकटलेला असेल तर तो तुमच्या चाकावर आदळतो. उठायच्या आधी सांगा.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा पुढचे बारा जण वीस मिनिटं बसलेले होते. आम्ही दिसताच दोन रोडबाईकवाली मुलं टाळ्या वाजवत उठली, हेल्मेट चढवली आणि पाय टाकून निघायच्या तयारीत उभी राहिली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ग्रुप राईडमधला सगळ्यांत मोठा अन्याय हाच, आणि इतकी वर्षं पुढे राहून मीही तो केला आहे. वेगात आलेल्याला वीस मिनिटं विश्रांती, आणि जो खरा दमलाय त्याला शून्य. तो पोहोचतो आणि ग्रुप निघतो. पुढच्या थांब्यापर्यंत तो आणखी मागे पडतो, आणि तिसऱ्या रविवारी येतच नाही. काकांनी दोघांना बसवलं आणि सांगितलं, थांब्याची दहा मिनिटं शेवटचा माणूस आल्यापासून मोजायची. आता आमच्यात हा नियमच झाला आहे. तुमच्या ग्रुपमध्ये बाकी काही नसलं तरी एवढं तरी करून पाहा.

घाट संपला की बोपगावापासून पुढे सुख आहे. कानिफनाथाचा डोंगर एका अंगाला, आणि भिवरी, चांबळी, हिवरे या गावांच्या शिवारात झेंडूचे पट्टे. दसरा तोंडावर असल्यामुळे तोडणी जोरात चालली होती. गोण्यांनी भरलेले टेम्पो पुण्याकडे येत होते आणि ते गेल्यावर क्षणभर सगळ्या रस्त्याला झेंडूचा वास यायचा. या पट्ट्यात रस्ता सासवडकडे बहुतेक उताराचाच, त्यामुळे मागचा-पुढचा फरक आपोआप मिटतो. इथे पहिल्यांदा चौदा जण एका रांगेत दिसले.

साडेआठच्या सुमाराला सासवड. मिसळ, चहा. कऱ्हेकाठचं हे गाव संत सोपानदेवांच्या समाधीचं, आणि आचार्य अत्र्यांचं जन्मगाव कोढीत इथून जवळच. वेळ असेल तर संगमेश्वराच्या देवळात जाऊन या. आम्ही फक्त नदीच्या घाटावर पाच मिनिटं बसलो. सीताफळांचा हंगाम होता, पाट्या लावून विकायला बसलेल्या बायका होत्या. घ्यायची असतील तर कडक बघून घ्या आणि सायकलच्या पिशवीत कपड्यात गुंडाळा. सासवडला दोन्ही बाटल्या भरून घ्याच. आषाढी वारीच्या दिवसांत मात्र ही राईड ठरवू नका. माउलींची पालखी दिवे घाटातून सासवडला येते, सोपानदेवांची इथूनच निघते, तेव्हा हे सगळे रस्ते वारकऱ्यांचे असतात.

एक गोंधळ टाळा : बोपदेवच्या रस्त्यावरची ती भिवरी, आणि सासवडहून नारायणपूरच्या रस्त्याला लागते ती भिवडी, उमाजी नाईकांचं गाव. मागे एकदा फोनवर कुणीतरी "भिवडीला थांबलोय" म्हणाला आणि त्याला शोधायला आमचा माणूस भिवरीला गेला होता.

नारायणपूरपर्यंतचा रस्ता हळूहळू चढतो, उन्हं वर आलेली असतात, पण समोर पुरंदर आणि वज्रगडाची जोडी दिसत राहते. १६५७ साली संभाजीराजांचा जन्म याच गडावर झाला, आणि आठ वर्षांनी मुरारबाजी देशपांडे इथेच लढता लढता पडले. शिक्षिका इतिहास शिकवते. दम लागलेला असताना तिने मला १६६५ चा वेढा सांगायला सुरुवात केली आणि त्या नादात चढ कधी सरला कळलं नाही. नारायणपुरात दत्ताच्या देवळापाशी गर्दी होती, आम्ही शेजारच्या जुन्या नारायणेश्वराच्या देवळात टेकलो. दगडी मंडपात गारवा असतो. गुरुवारी आणि पौर्णिमेला इथे वाहनांची रांग लागते, ते दिवस सोडा. गडावर जायचा बेत असेल तर ओळखपत्र हवं, वर लष्कराचा ताबा आहे. पण मग ही राईड एका दिवसात ओढू नका.

पुढे चिव्हेवाडीचा घाट उतरून केतकावळे. उतार सुंदर आणि फसवा. वळणांवर माती-खडी असते. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना दाबा, दोन्ही मिळून, सोडत-दाबत. वळणात शिरल्यावर दाबलेला पुढचा ब्रेक माणसाला झोपवतो. उतारावर मी सगळ्यांना दोन सायकलींऐवजी पाच-सहा सायकलींचं अंतर ठेवायला लावते. बालाजी मंदिरापाशी रविवारी गाड्यांची गर्दी असते, तिथून सांभाळून.

कापूरहोळला, जिथे भोरचा फाटा फुटतो, महामार्ग लागतो. या राईडचा कंटाळवाणा भाग हाच. ऊन, समोरचा वारा, सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या. आणि पंक्चर. एका रोडबाईकचं मागचं चाक बसलं, मुलाने पटकन ट्यूब बदलली, दोन किलोमीटरांवर पुन्हा बसलं. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यातल्या पोलादी तारांचे केसाएवढे तुकडे रस्त्याच्या कडेला पसरतात, आणि सायकली चालतात नेमक्या त्याच कडेने. ट्यूब बदलली पण तार टायरमध्येच राहिली. डोळ्यांना ती दिसत नाही. टायर आतून फडक्याने गोल पुसायचं, जिथे धागा अडकेल तिथे तार. उघड्या बोटाने चाचपू नका, मी एकदा बोट कापून घेतलं आहे. तार बाहेरून टोकही दाखवत नव्हती. शेवटी नखं कापायच्या चिमट्याने निघाली. तेव्हापासून तो चिमटा माझ्या पिशवीत कायमचा आहे.

रोडबाईकवाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व बारीक, प्रेस्टा जातीचा असेल तर हायवेवरच्या पंक्चरवाल्याच्या पाइपाने हवा भरता येत नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, तो व्हॉल्वला लावूनच ठेवा. आणि ट्यूब प्रत्येकाने आपापल्या मापाची आणायची. स्वीप तरी किती मापं बाळगणार?

खेड शिवापूरच्या अलीकडे एका काकांच्या पोटऱ्या धरल्या. नवरात्राचा उपवास, सकाळपासून फक्त चहा आणि दोन केळी. उपवासाबद्दल मला कुणाला काही सांगायचं नाही, माझ्या घरीही असतो. पण घाट आणि ऊन असलेली राईड करायची तर राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाण्याची चिक्की खिशात हवी आणि दर अर्ध्या-पाऊण तासाला थोडं पोटात जायला हवं. पाण्याच्या एका बाटलीत लिंबू, साखर आणि सैंधव. भूक लागल्यावर खायला घेतलं तर उशीर झालेला असतो. काकांना झाडाखाली बसवलं, पाय सरळ करून तळवे त्यांच्या दिशेने दाबले, सैंधवाचं पाणी दिलं. त्यांना वाटत होतं टेम्पो करावा. पंधरा मिनिटांनी म्हणाले, बघू या. शिक्षिका त्यांच्या पुढे राहिली, वारा अडवत, त्यांच्या वेगाने. सकाळी चढावर उतरलेली तीच.

शिंदेवाडीपाशी महामार्ग सोडला आणि जुन्या कात्रज घाटाचा रस्ता धरला. नवीन बोगद्यातून सायकल घालू नका. आतला आवाज, धूर आणि शेजारून जाणारे ट्रक यांत काही चुकलं तर सावरायला जागा नाही. जुना घाट लांबचा वाटतो, पण बोपदेवपेक्षा सौम्य आहे. जुन्या बोगद्यात शिरताना गॉगल काढा, पुढचा-मागचा दिवा लावा. लख्ख उन्हातून आत गेल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही, आणि समोरच्या गाडीवाल्याचंही तेच झालेलं असतं. बोगद्याच्या तोंडाशी शेवटची मोजणी केली. चौदा.

कात्रजला एक वाजून गेला होता. तिथून प्रत्येकाची वाट वेगळी, पण स्वीपचं काम तिथे संपत नाही. आमच्यात घरी पोहोचल्यावर ग्रुपवर फक्त "पोहोचलो" लिहायचं असतं. मी सायकल पुसली, चेनला तेल दिलं, जेवायला बसले, फोन शेजारी ठेवून. तेरावा निरोप पोटऱ्या धरलेल्या काकांचा होता, पावणेतीनला. त्यांना हडपसर गाठायचं होतं. मग मी माझा टाकला.