आईच्या खोलीतला सेन्सर

रात्री आई उठली की पॅसेजमधला दिवा आपोआप लागायला हवा, एवढ्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला. आमचं घर सदाशिव पेठेतलं, जुनं. दीड फुटाच्या भिंती. झिगबी म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं बिनतारी जोडायची पद्धत, आणि हब म्हणजे त्यांचं मुख्य यंत्र. हॉलमधल्या झिगबी हबपासून आईच्या खोलीपर्यंत अशा दोन भिंती, आणि आई उठल्याचं ओळखणारा तिथला सेन्सर दर दोन दिवसांनी हबला दिसेनासा व्हायचा.

आधी वाटलं, सेलच संपला असेल. खरं कारण वेगळं निघालं. झिगबी आणि आमचा वायफाय, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवरच. वायफायचा एक चॅनल २० मेगाहर्ट्झ रुंद, झिगबीचा जेमतेम २. राउटर वायफायच्या १ नंबरच्या चॅनलवर आणि हब झिगबीच्या ११ वर, म्हणजे ऐन त्याच पट्ट्यात. नंबर वेगळे दिसतात म्हणून फसायला होतं! हब २५ वर नेला, राउटरपासून चार हात लांब ठेवला.

तरी भिंती होत्याच. मग देवघराजवळच्या सॉकेटमध्ये एक झिगबी स्मार्ट प्लग लावला. सतत विजेवर चालणारी अशी उपकरणं बहुधा दुसऱ्याचा निरोप पुढे पोचवतात. सेलवरची नाही, ती बराच वेळ झोपलेली असतात. आता सेन्सर प्लगशी बोलतो, प्लग हबशी. (२०२२ मध्ये आलेलं मॅटर, म्हणजे स्मार्ट उपकरणांची नवी सामायिक भाषा, आणि त्याखालचं थ्रेड हे बिनतारी जाळं मला फार आवडतं, पण चालतंय ते मोडून नवीन घेणार नाही.)

काल पहाटे चारला दिवा लागलेला दिसला. आई भिंत न चाचपडता चालत होती.