तुम्ही विचारलंत म्हणून: हो, अजून तीच गाडी

'अजून तीच?' असं विचारणारे, 'विकून का टाकत नाहीस?' असं विचारणारे आणि काहीच न विचारता गाडीभोवती एक चक्कर मारून मान हलवणारे, तिघांनाही एकदाच काय ते सांगून टाकते. हो, तीच. छोटी, पेट्रोलची, हाताने गिअर टाकायची. साडेतीन लाख किलोमीटर केव्हाच उलटले. पैसे नाहीत म्हणून नव्हे. जीव जडलाय म्हणूनही नव्हे. गाडीला लाडाचं नाव देणाऱ्यांतली मी नाही. नावं ठेवायला तुम्ही आहातच.

आधी त्या आकड्याचं. साडेतीन लाख म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे खिळखिळं इंजिन उभं राहतं. माझ्या गाडीचे बहुतेक किलोमीटर हमरस्त्यावरचे आहेत. इंजिन एकदा तापलं की तास न्‌ तास एकाच चालीत पळायचं. इंजिन झिजतं ते मुख्यतः थंड असताना. सुरू केल्यावर पहिले काही क्षण ऑइल सगळीकडे पोचलेलं नसतं. त्यातून नीट तापायच्या आत बंद केलं, तर ज्वलनात तयार झालेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच मुरत राहतं. रोज दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारून ६० हजार झालेलं इंजिन माझ्या इंजिनापेक्षा दमलेलं असू शकतं. अमेरिकेतल्या अर्व्ह गॉर्डन नावाच्या शिक्षकाने आपली १९६६ सालची व्होल्व्हो पी१८०० २०१३ मध्ये ३० लाख मैलांपार नेली, म्हणजे जवळजवळ ४८ लाख किलोमीटर. हे उदाहरण मी पूर्वी समोरच्याच्या तोंडावर फेकायचे. हल्ली जपून देते. एक तर त्या गाडीचं इंजिनही मध्ये उघडून बांधावं लागलं होतं. आणि दुसरं, अशी एक गाडी जगभर प्रसिद्ध होते याचा अर्थच असा, की बाकीच्या तिथवर पोचत नाहीत.

शिवाय इंजिन चांगलं म्हणजे गाडी चांगली, असंही नाही. जुन्या छोट्या गाडीत लोखंड शेवटी जातं. आधी जातं रबर आणि प्लॅस्टिक, आणि त्यांना किलोमीटरशी फारसं देणंघेणं नसतं. ती वर्षं मोजतात. इंजिनाची माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश, होज पाइप, चाकांना फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांवरची रबरी टोपणं, म्हणजे बूट. बूट फाटल्याचं वेळेवर दिसलं तर नवा बूट आणि थोडं ग्रीस, एवढ्यावर भागतं. नाही दिसलं तर धूळ आत जाऊन अख्खा सांधा जातो आणि वळताना कटकट ऐकू येऊ लागते. व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा टायमिंग बेल्टही रबराचाच. माझ्या इंजिनात तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, त्यामुळे मुदत आली की तो उतरवायचा, दिसायला कितीही ठणठणीत असो. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून तोही त्याच वेळी. ब्रेक ऑइल तर हवेतला दमट ओलावा शोषतं: डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेल्याची हमी मात्र फक्त १५५ अंशांपर्यंत. लांब उतारावर सतत ब्रेक दाबत आलात की हा फरक पायाखाली कळतो, पेडल मऊ लागतं. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं. हे सगळं मी एका वहीत लिहिते. तारीख, किलोमीटर, काय बदललं, काय नुसतं पाहिलं. तुम्ही त्या वहीला हसता ते मला माहीत आहे.

त्याच वहीच्या पुठ्ठ्यावर आतून माझं जुनं सूत्र लिहिलंय: वर्षभराची दुरुस्ती नव्या गाडीच्या वर्षभराच्या हप्त्यांपेक्षा कमी, तोवर गाडी ठेवायची. तुमच्यापैकी निम्म्या लोकांना मी ते ऐकवलंय. त्यात चूक काही नाही. नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांतच सगळ्यात जोरात उतरते, हेही खरं. पण माझी तक्रार वेगळी आहे. त्या गणिताचं उत्तर दर वर्षी 'ठेवा' असंच येतं. क्लच बदलला, ठेवा. शॉक ॲब्सॉर्बर बदलले, ठेवा. ज्या गणितातून दुसरं उत्तर निघतच नाही, ते आपण विचार करण्यासाठी मांडतो की विचार टाळण्यासाठी? तेव्हाची मी यावर म्हणाली असती की आकडे खोटं बोलत नाहीत. बरोबर. ते फक्त कमी बोलतात.

एकदा मी आईला घेऊन निघाले होते. चढाचा रस्ता, भर दुपार, एसी चालू. आधी एसीची हवा कोमट झाली. इंजिन फार तापलं की संगणक एसीचा कॉम्प्रेसर स्वतःहून बंद करतो, हे मला माहीत होतं, म्हणून लगेच काट्याकडे पाहिलं. काटा मध्यावर. आता हा काटा बहुतेक गाड्यांत मुद्दामच आळशी ठेवलेला असतो. आतलं तापमान पंधरा-वीस अंशांनी खालीवर झालं तरी तो मध्यावरून हलत नाही, चालवणाऱ्याने उगाच धसका घेऊ नये म्हणून. त्यामुळे मध्यावरच्या काट्यावर विसंबायचं नाही, एवढं मी शिकलेले होते. एसी बंद केला, कडेला जागा शोधू लागले, आणि तेवढ्यात काटा उसळून लालला भिडला. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, तो गोडसर वास आत आला. गाडी कडेला घेऊन मी इंजिन बंद केलं, बॉनेटखालून वाफ येतच होती.

थोड्या वेळाने इंजिन सुरू न करता नुसती चावी लावून पाहिलं. काटा अगदी तळाला. आई म्हणाली, 'उतरला बघ. चल, हळूहळू नेऊ.' मी म्हटलं, नाही. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो तोवर त्याच्या सांगण्याला अर्थ. पाणीच उरलं नाही, तर भोवतालच्या हवेचं जे काही असेल ते तो सांगतो. इंजिन भट्टीसारखं असतं आणि काटा खाली. आई बॅगेवर बसली, जेमतेम सावलीत. टोइंगची गाडी येईपर्यंत मी तिला रेडिएटर, थर्मोस्टॅट, झाकण गरम असताना का उघडू नये, सगळं समजावत होते. ती ऐकत होती. तिने पाणी मागितलं, तेव्हा मी बाटली शोधता शोधताही बोलतच होते.

कारण निघालं ते रेडिएटरच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीतली चीर, ॲल्युमिनियमच्या जाळीशी ती जिथे जोडलेली असते तिथे. कूलंट मुदतीत बदललेलं. होज नवे, थर्मोस्टॅट नवा, झाकण नवं, सगळ्याच्या नोंदी आहेत. टाकी मात्र गाडीबरोबर आलेली. वर्षानुवर्षं तापून-निवून असं प्लॅस्टिक ठिसूळ होतं, आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. माझ्या गाडीच्या पुस्तकातल्या देखभालीच्या तक्त्यात त्या टाकीची ओळसुद्धा नाही.

रेडिएटर नवा बसवला आणि प्रकरण मिटलं असं वाटलं. मग पाणी कमी व्हायला लागलं. गळती कुठे दिसेना. गाडी सकाळी सुरू केली की पांढरा धूर, आणि तो तापल्यावरही थांबेना. फिटरने कूलंटच्या टाकीच्या तोंडावर निळा द्राव भरलेली नळी धरली. द्राव पिवळा झाला, म्हणजे जळलेला वायू पाण्यात उतरत होता. हेड गास्केट, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलं होतं. माझ्या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम जास्त फुगतं, आणि अतोनात तापलं तर हेड वाकतं. चालू गाडीत ते काही मिनिटांतच घडून गेलेलं असणार. मी त्याच क्षणी थांबले होते, असं मी प्रत्येकाला सांगते. आताही सांगितलंच.

फिटर म्हणाला, 'ताई, उघडू नका. पावडर टाकतो, काही महिने पाणी जाणार नाही. तेवढ्यात देऊन टाका. गिऱ्हाईक माझ्याकडे आहे.' त्याने हे माझ्या भल्यासाठीच सांगितलं, यात मला शंका नाही. मी त्याला तिथल्या तिथे नकार दिला असं सांगायला आवडलं असतं. रात्रभर विचार केला. शेवटी नाही म्हटलं, ते त्या अनोळखी गिऱ्हाइकाच्या काळजीपोटी कमी आणि हेडखाली काय आहे ते मला बघायचं होतं म्हणून जास्त.

बघितलं. सिलिंडरच्या आतल्या भिंतींवर कारखान्यात पाडलेल्या होनिंगच्या तिरक्या रेघा अजून दिसत होत्या, म्हणजे भिंती फारशा झिजल्या नव्हत्या. साडेतीन लाखांनंतर! फिटरने बोट फिरवलं आणि मला बोलावून दाखवलं. ज्याला त्यातलं कळत नाही त्याला हा आनंद समजावता येणार नाही, त्या नादाला मी लागत नाही. हेड सरळ पट्टी आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, लावून मोजलं. मिलिमीटरच्या काही शतांशांइतकाच बाक चालतो, माझा त्याहून बराच होता. ते घासून सपाट करून आणलं. हेडचे बोल्ट ताण देऊन कसायचे, एकदाच वापरायचे असतात, म्हणून ते नवे. उघडलंच आहे तर व्हॉल्व्हची सीलही. बिल गाडीच्या किमतीहून मोठं झालं, आणि सूत्र तरीही म्हणालं, ठेवा.

त्यानंतर गाडी उत्तम चालते. आई मात्र तिच्यात बसलेली नाही. ती बोलत काही नाही. कुठे जायचं असलं की म्हणते, 'तू हो पुढे, मी येते मागून.' एकदा न राहवून मी तिच्यासमोर वही ठेवली. नवा रेडिएटर, नवं गास्केट, सगळं तारीखवार. तिने चष्मा लावून शांतपणे पाहिली आणि अक्षर छान आहे म्हणाली.

तुम्ही विचारता तेव्हा मी चिडते, कारण तुम्ही आकडा आणि रंग उडालेलं बॉनेट पाहून विचारता. माझी गाडी बंद पडली तर काय पडलं असेल याचा मला बऱ्यापैकी अंदाज असतो, आणि तुमची नवी बंद पडली की तुम्ही हेल्पलाइनवरचं संगीत ऐकत बसता. हे मी मागे घेत नाही. पण मला भरवसा वाटतो तो कुठला भाग कधी बदलला हे माहीत असल्याने. आईला भरवसा म्हणजे रस्त्याच्या कडेला बॅगेवर बसावं न लागणं. माझी माहिती तिच्या काय कामाची?

आणि एक मुद्दा असा आहे, जो तुम्ही सहसा काढत नाही, माझं नशीब. माझ्या गाडीत दोनच एअरबॅग आहेत आणि घसरताना चाकागणिक ब्रेक लावून गाडी सावरणारी यंत्रणा नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने १९५९ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ची शेव्हरोले मालिबू समोरासमोर आदळवल्या. जुन्या धिप्पाड गाडीत चालकाची जागाच चेपून गेली. नवीतली शाबूत राहिली. तिथे ५० वर्षांचं अंतर होतं, माझ्या गाडीचं तेवढं नाही, असं मी स्वतःलाच लगेच ऐकवते. पण देखभाल करून गाडी होती तशी राहते, होती त्याहून सुरक्षित होत नाही. दरवाजांखालची पट्टी, जॅक लावायच्या जागा, तिथला गंज दर सर्व्हिसिंगला फिटर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघतो. अजून पत्रा टणक आहे. तो आत गेला, तर वहीतलं कुठलंच पान मला वाचवणार नाही, आणि तेव्हा मी वाद घालणार नाही. बहुधा.

तूर्तास प्रश्न क्लचचा आहे. चढावर चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, म्हणजे प्लेट घसरतेय. त्यासाठी गिअरबॉक्स खाली येईलच, तर त्याच मजुरीत क्रँकचं मागचं ऑइल सील बदलून घ्यावं असं फिटरचं म्हणणं. माझं म्हणणंही तेच असायचं. सील अजून गळत नाहीये. पुढची चार-पाच वर्षं धरून चालायची असतील तर बदलायचं, नसतील तर नाही. त्याने दोनदा विचारलं. मी उद्या कळवते म्हटलंय.