तुम्ही विचारलंत म्हणून: एनएलपी तुमच्या भाषाविज्ञानातूनच आलं ना?

एम.ए.चे विद्यार्थी विचारतात, लग्नकार्यात भेटलेले नातेवाईक विचारतात, कंपनीच्या ट्रेनिंगहून परतलेला भाचा विचारतो. न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग (एनएलपी, बोलण्यातून माणसाचं मन समजून घ्यायचं आणि बदलायचं असं सांगणारं ते वर्कशॉपांतलं तंत्र) तुमच्याच विषयातून निघालं ना? त्या भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीचंच ना ते? मग तुम्ही ते का शिकवत नाही? आजवर मी एवढंच म्हणत आले की, हो, निघालं, पण आता त्याचा आमच्याशी संबंध नाही. त्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं की बाईंना राग आलाय किंवा हेवा वाटतोय. दोन्ही नाही. म्हणून एकदा सगळं नीट सांगते.

ते ज्या माणसाच्या हातून निघालं तो आमच्या विषयात कच्चा नव्हता. जॉन ग्राइंडर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ इथल्या शाखेत भाषाविज्ञान शिकवत होता. १९७१ साली त्याने पॉल पोस्टलबरोबर एक निबंध लिहिला. वाक्यात उच्चारच न झालेल्या शब्दाकडे सर्वनाम बोट कसं दाखवतं, हा त्याचा विषय. आपल्याकडचं उदाहरण घ्या: ‘माझ्याकडे छत्री नाही, तिच्याकडे आहे, पण ती फाटकी आहे.’ पहिल्या छत्रीचं तर अस्तित्वच नाही आणि दुसरीचं नावही घेतलेलं नाही, तरी फाटकी काय आहे हे आपल्याला कळतं. म्हणजे न उच्चारलेलंही कुठेतरी हजर असतं. मी हा निबंध अजून वर्गात वाचून घेते. पुढे मानसोपचाराच्या खोलीत शिरून ग्राइंडरने जे केलं त्याचं बीज मला इथेच दिसतं. माणसाच्या वाक्यातून काय गळलंय ते शोधायचं.

त्या खोलीत तो शिरला तो रिचर्ड बँडलरमुळे. बँडलर तिथलाच विद्यार्थी. गेस्टाल्ट या मानसोपचारपद्धतीचे फ्रिट्झ पर्ल्स १९७० साली वारले आणि त्यांच्या सत्रांच्या ध्वनिफितींवरून मजकूर तयार करण्याचं काम रॉबर्ट स्पिट्झर या प्रकाशकाने या पोराला दिलं. तासन् तास ऐकून तो पर्ल्ससारखा बोलायलाच लागला. फ्रँक प्युसेलिकबरोबर त्याने विद्यापीठातच गट चालवायला सुरुवात केली. लोकांना गुण येत होता, पण आपण नेमकं काय करतो हे त्याला मांडता येत नव्हतं. ते मांडण्याची हत्यारं ग्राइंडरकडे होती. मग कौटुंबिक उपचारांतल्या व्हर्जिनिया सटीर आल्या, आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसनच्या ओळखीने फिनिक्सचे संमोहनतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन. १९७५ साली ‘द स्ट्रक्चर ऑफ मॅजिक’चा पहिला भाग निघाला, त्याला सटीर आणि बेटसन दोघांच्याही प्रस्तावना होत्या. सगळ्या वर्कशॉपांत फळ्यावर लिहितात ते ‘नकाशा म्हणजे प्रदेश नव्हे’ हे मात्र यांच्यापैकी कुणाचंच नाही. ते आल्फ्रेड कोर्झिब्स्कीचं, १९३३ च्या पुस्तकातलं.

‘द स्ट्रक्चर ऑफ मॅजिक’मधलं ‘मेटा मॉडेल’ मी विद्यार्थिदशेत वाचलं तेव्हा रात्रभर झोपले नव्हते. तोवर आमची वाक्यं म्हणजे ‘रामाने आंबा खाल्ला’. इथे पहिल्यांदा दिसलं की माणूस दुःख सांगतानाही वाक्यातले घटक गाळतो, सरसकट बोलतो, दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला ठाऊक असल्यासारखं बोलतो, आणि त्याची व्याकरणातून यादी करता येते. ‘मला भीती वाटते’ म्हटलं की विचारायचं, कशाची? ‘सगळे मला टाळतात’ म्हटलं की, सगळे म्हणजे कोण कोण? तेव्हाच्या माझ्यातल्या त्या मुलीला वाटलं होतं की आपला विषय अखेर माणसाच्या कामी आला. ती भाबडी होती असं मी आज म्हणणार नाही. तिने वाचलं ते खरोखरच चांगलं निरीक्षण होतं.

आता जे सांगायचं ते मी लोकांना सांगत नाही.

आईला पक्षाघाताचा झटका आला आणि त्यात तिची वाचा गेली. वाचाघात. मी जो विषय शिकवते त्यातलं एक अख्खं प्रकरण माझ्या घरात येऊन खाटेवर पडलं. शेवटच्या आठवड्यांत मी जवळ बसले की ती भिंतीकडे तोंड करायची. मी हाक मारली तरी वळायची नाही. मग ती गेली. दिवसकार्य आटोपल्यावर माझी शाळेपासूनची मैत्रीण आली. तिने नुकताच एनएलपीचा कोर्स पुरा केला होता, त्याच्या भरात होती. मी म्हटलं, ‘आता मला कुणीच नाही गं.’ ती म्हणाली, ‘कुणीच? एकही माणूस नाही?’

प्रश्न कुठल्या पानावरचा आहे हे मला तत्क्षणी कळलं. सरसकट विधान आलं की त्यातला टोकाचा शब्द उचलून परत करायचा. मी गप्प राहिले. थोड्या वेळाने म्हटलं, ‘मी तिच्यासाठी घरी थांबू शकले नाही.’ ती म्हणाली, ‘काय अडवत होतं?’ हाही तिथलाच. ‘शकत नाही’ला असंच उत्तर द्यायचं असतं. तिचा आवाज मऊ होता, नजर माझ्यावर होती, आणि माझा श्वास चालला होता त्याच लयीत ती श्वास घेत होती. हेसुद्धा शिकवतात. मला त्या खोलीतून उठून जावंसं वाटलं. माझं दुःख तिच्यासमोर सोडवायला ठेवलेलं गणित झालं होतं, आणि ते सोडवण्याची रीत माझ्याच विषयातून गेलेली. दुसऱ्या कुणाला असा अपमान वाटला नसता. मला वाटला, कारण मी ती यादी तोंडपाठ केली होती.

मग मी, तिने गप्प बसावं म्हणूनच, म्हटलं, ‘आई माझ्यावर रागावून गेली.’ आणि तिने विचारलं, ‘तुला कसं कळलं?’

‘भिंतीकडे तोंड करायची.’

‘आणि तोंड फिरवणं म्हणजे राग, हे तुला कसं कळलं?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईला शब्द सापडत नव्हते, आणि माझ्यासमोर, म्हणजे दिवसभर शब्दांचंच काम करणाऱ्या मुलीसमोर, ते न सापडणं तिला बघवत नसेल. किंवा खिडकीतला उजेड डोळ्यांवर येत असेल. किंवा राग असेलही. मी या कशाचाही विचार केला नव्हता. त्या प्रश्नाने माझी गाठ सैल झाली, हे मला नाकारता येत नाही. त्या रात्री मला झोप लागली. मैत्रिणीशी मात्र मी पुढे बरेच महिने बोलले नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं की, उपयोग झाला. थांबा. माझी तक्रार वेगळी आहे.

पहिलं म्हणजे, भाषाविज्ञानातून जे उचललं ते एकदाच उचललं. चॉम्स्कीचं १९६५ चं ‘डीप स्ट्रक्चर’, म्हणजे बोललेल्या वाक्यामागची मूळ रचना, ही वाक्यरचनेबद्दलची कल्पना होती. माणसाच्या पूर्ण अनुभवाचं ते कोठार आहे असं चॉम्स्कीने म्हटलेलं नाही. १९९५ पर्यंत त्याने स्वतःच ती पातळी आपल्या सिद्धांतातून काढून टाकली. कोर्सांच्या वह्यांत ती अजून तशीच आहे. आम्ही ज्याच्यावर भांडलो, जे मोडलं, पुन्हा बांधलं, त्यातलं काहीही तिकडे पोचलं नाही आणि तिकडून इकडेही काही आलं नाही.

दुसरं, एरिक्सन. हा माणूस मुद्दाम मोघम बोलायचा. ‘हळूहळू तुम्हाला काहीतरी वेगळं जाणवू लागेल.’ काय, कुठे, कशापेक्षा वेगळं, सगळं मोकळं सोडलेलं, म्हणजे ऐकणारा ते आपल्या परीने भरतो. सटीर आणि पर्ल्स यांच्याकडून आलेलं मेटा मॉडेल गाळलेलं भरून घ्यायला सांगतं, एरिक्सनचं मॉडेल गाळायला सांगतं. दोन्ही एकाच पेटीत. कधी कुठलं काढायचं हे सटीरबाईंना कळत असणार, एरिक्सनना कळत असणार. ध्वनिफितीवरून उतरवलेल्या वाक्यांत ते कळणं कसं यावं? सटीर तर घरातल्या माणसांना प्रत्यक्ष उभं करायच्या, कोण कुणाकडे पाठ करून, कोण कुणापुढे वाकून. त्यातलं वाक्य तेवढं फितीवर राहतं.

तिसरं सगळ्यांना माहीत आहे म्हणून भराभर सांगते. डोळे वर गेले की माणूस चित्रं पाहतो, बाजूला गेले की आवाज ऐकतो, हा दावा बँडलर-ग्राइंडरच्या १९७९ च्या पुस्तकाने जगभर नेला. संशोधकांनी तो तपासला, आणि क्रिस्टोफर शार्पली यांनी १९८४ साली घेतलेल्या आढाव्यात त्याला आधार सापडला नाही. १९८८ साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीलाही एनएलपीच्या बाजूने पुरावा मिळाला नाही. डोळ्यांवरून खोटं पकडता येतं हा दावा २०१२ च्या प्रयोगांत पडला. दरम्यान दोघे संस्थापक वेगळे झाले, १९९६ साली बँडलर मालकीसाठी कोर्टात गेला आणि एकट्याची मालकी त्याला मिळाली नाही. ज्या विद्येचे जनक तिच्या हक्कांसाठी वकील लावतात, ती विद्या विद्यापीठात कशी यावी?

हे वाक्य मी वर्गात टाळ्या मिळवायला वापरत असे. आता वापरत नाही, कारण त्याने काही सिद्ध होत नाही. भांडणं आमच्याकडेही झाली, ग्राइंडर विद्यार्थी होता त्याच वर्षांत.

आणि माझ्या आतली ती जुनी विद्यार्थिनी विचारतेच: तपासलं ते डोळ्यांचं, कारण ते मोजायला सोपं. ‘तुला कसं कळलं?’ हा प्रश्न कुणी तपासला? त्यावर मी म्हणते, तसा प्रश्न जुन्या घरांत आत्याही विचारायच्या, त्याला सर्टिफिकेट लागत नाही. ती म्हणते, पण तुझ्या आत्यांपैकी कुणी विचारला नाही, कोर्स करून आलेल्या बाईने विचारला.

मैत्रिणीशी पुन्हा बोलणं सुरू झाल्यावर हे मी तिच्यापुढे मांडलं. मी म्हटलं, तुझ्याऐवजी दुसरं कुणी असतं तर मी उठून गेले असते, मी थांबले ती आपण चौथीपासून एका बाकावर बसत होतो म्हणून, तेव्हा यात पद्धतीचं काही नाही. ती म्हणाली, चौथीपासून बसत होतो, पण असं विचारायचं मला कुठे सुचलं होतं? या वादात मी तिला हरवलेलं नाही आणि तिने मला हरवलेलं नाही.

तेव्हा अभ्यासक्रमात ते का नाही, याचं माझं उत्तर असं: जे तपासून टिकलं नाही ते मी शिकवणार नाही, आणि जे माझ्या बाबतीत टिकलं ते कसं शिकवायचं हे मला कळलेलं नाही. १९७१ चा निबंध मात्र दुसऱ्या सत्रात आहे. छत्रीच्या उदाहरणापासून सुरुवात करतो. ज्यांना खरंच जाणून घ्यायचं आहे त्यांनी येऊन मागच्या बाकावर बसावं.