तीनशे बारा नंबरची पट्टी

इंदूरच्या रामबागेतल्या एक काकू महिन्याभरापूर्वी रेडिओ घेऊन आल्या. नातवाने तो रिक्षातून उचलून काउंटरवर ठेवला आणि लगेच दोन पावलं मागे सरला. काकू म्हणाल्या, "जपून हो भाऊ, तो चावतो."

मी हसलो. जुने सेट आणणारे असं काहीबाही सांगत असतातच.

माझं काम मुख्यतः बॉडीचं. वाजवून देणारे महाराणी रोडच्या बाजूला अजून सापडतात, फुटलेलं बेकेलाइट, म्हणजे जुन्या सेटांचं कडक प्लास्टिक, जोडून देणारा शोधावा लागतो. आजकाल निम्मी गिऱ्हाइकं तर आतलं सगळं भंगारात देऊन ब्लूटूथचा डबा बसवायला सांगतात. त्यांना मी नाही म्हणतो, मग ते दुसरीकडे जाऊन करून घेतात. असो.

सेट १९५०च्या दशकाच्या अखेरचा. तपकिरी बॉडी, खालचा डावा कोपरा फुटून पुन्हा बसवलेला, तिथून स्पीकरच्या जाळीपर्यंत तडा. कोपरा जागेवर धरून ठेवला होता चार नटबोल्टांनी. पुढच्या बाजूने, अगदी दर्शनी, पितळी डोक्यांचे चार बोल्ट. बघूनच कपाळात गेली. कोण हा कसाई, असं तोंडातून निघालंसुद्धा. काकू म्हणाल्या, "लग्न होऊन मी या घरात आले तेव्हाची गोष्ट. माईंच्या हातून पडला होता. ह्यांनी कुठूनसा नीट करून आणला."

मग चावण्याची हकीकत निघाली. माई म्हणजे त्यांच्या सासूबाई. घरची एक गुंठा शेती नाही, पण संध्याकाळी आकाशवाणी इंदूरवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातल्या नंदाजी-भेराजींच्या मालवी गप्पा ऐकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. रेडिओ दुरुस्त होऊन आला आणि झटके देऊ लागला. कधी द्यायचा, कधी नाही. कुणी म्हणे पावसाळ्यात जास्त. माईंनी तोड काढली: लाकडी पाटावर उभं राहायचं आणि पदर गुंडाळून बटण फिरवायचं. वर्षभर असं चाललं. मग काकूंना मुलगा झाला, रांगायला लागला, आणि रेडिओ कपाटावर गेला तो कायमचा. "टीव्ही होताच तोवर," काकू म्हणाल्या, "पण माईंना टीव्हीत राम वाटला नाही कधी."

ते गेल्यावर मागची पाटी उघडली. व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या, पाहिले: यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूएल ८४, यूवाय ८५. म्हणजे एसी-डीसी सेट, आत मेन ट्रान्सफॉर्मर नाही, घरच्या विजेपासून सेट वेगळा ठेवणारं काहीच नाही. चारही व्हॉल्व्हचे हीटर, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारा, एका माळेत, त्यांचे मिळून १२१ व्होल्ट, उरलेले जाड रेझिस्टन्समध्ये जाळायचे. आणि चेसिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट विजेच्या एका तारेला जोडलेली. दोन पिनांचा प्लग एका बाजूने घातला तर चेसिसवर न्यूट्रल, म्हणजे झटका न देणारी तार, उलटा घातला तर २३० व्होल्ट. काही सेटांत तर बटण बंद असतानाही हीटरच्या माळेतून चेसिसवर करंट येतो. हे बनवणाऱ्यांना माहीत होतं. म्हणून तर सगळं बेकेलाइटच्या आत, मागे पाटी, आणि बटणांच्या स्क्रूंवर मेण. अशा सेटची बॉडी शोभेची नसते, ती वायरच्या वरच्या रबरासारखी असते. हे मी पोरांना शंभरदा सांगतो.

जास्त करंट जाऊ नये म्हणून मध्ये सिरीज बल्ब लावून प्लग घातला आणि पुढच्या बोल्टला टेस्टर टेकवला. दिवा लागला. प्लग फिरवला, दिवा गेला. ओलीने झटका वाढत असेल, पण मूळ संबंध पावसाळ्याचा नव्हता. घरात प्लग ज्या दिवशी ज्या बाजूने घातला गेला, त्याचा होता.

चेसिस बाहेर काढली. आतून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी होती, तड्यावर आडवी, आणि तिचं खालचं टोक वाकवून चेसिसच्या काठावर टेकवलेलं, कोपऱ्याला आधार मिळावा म्हणून. पट्टी चेसिसला, बोल्ट पट्टीला आणि बोल्टांची डोकी माईंच्या बोटांना.

पट्टी उलटी केली. खिळ्याने कोरलेलं होतं: ३१२ / ८७.

आमच्या उस्तादांचा नियम होता, दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक सेटच्या आत नंबर कोरायचा. दुकानात आम्ही तीन पोरं. दोघं इंग्रजी आकडे काढायची. देवनागरी काढणारा मी एकटाच.

१९८७ साली मी सोळा वर्षांचा होतो. ही विशिष्ट पट्टी मला आठवत नाही, खोटं कशाला सांगू. पण टोक वाकवून आधार द्यायची ती शक्कल आठवते. त्यावर उस्ताद म्हणाले होते, "दिमाग चलता है लौंडे का." अ‍ॅरल्डाइट दुकानात होतं, पण ते उस्तादांच्या कुलपात. टेस्टर लावून त्यांनी बघितलं नाही, मीही नाही. सेट वाजला, पैसे घेतले.

काम मात्र या वेळी मन लावून केलं. बेकेलाइट वितळत नाही, त्याला थिनरने विरघळवून सांधता येत नाही, त्यामुळे सगळी मदार चिकटवण्यावर. तड्यातला चाळीस वर्षांचा मळ आधी साबणाच्या पाण्याने, मग स्पिरिटने काढला. तुटलेल्या कडा कोरड्याच बसवून पाहिल्या. खडबडीत कडा एकमेकींत नेमक्या बसल्या की नखाला सांधा लागत नाही. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलं. आतून काचेच्या कापडाचे दोन थर आणि सावकाश सुकणारं इपॉक्सी. पाच मिनिटांत सुकणारं मी वापरत नाही, फेविक्विकचं तर नाव काढू नका, चार बोटं पांढरा धूर बसतो आजूबाजूला.

खरं कौशल्य भोकं बुजवण्यात. इपॉक्सीत गेरू आणि चिमूटभर काजळ. चिमूटभरच, कारण काजळ म्हणजे कार्बन, जास्त झालं तर बुजवलेली जागाच वीज नेऊ लागेल. रंग ओला असताना जुळतो आणि सुकल्यावर गडद होतो, म्हणून आधी पुठ्ठ्यावर सहा ठिपके सुकवून पाहिले. मग पाण्यात भिजवून ६०० पासून २००० पर्यंतचा पॉलिश पेपर, तोही फक्त भरलेल्या जागेवर, चारी बाजूंना टेप लावून. बेकेलाइटची चकाकी वरच्या पातळ कातडीत असते. ती घासली गेली की खालचा लाकडाचा भुसा उघडा पडतो, आणि मग जन्मभर पॉलिश करा. बफिंग मशीन लावणाऱ्यांना हे कोण सांगणार?

शेवटी शेजारच्या मोटर वाइंडिंगवाल्याचा मेगर, म्हणजे वीज झिरपते का ते मोजणारं यंत्र, आणून चारही जागा तपासल्या. जुने पेपर कंडेन्सर बदलले. बटणांच्या स्क्रूंवर मेण भरलं. आणि घरच्या विजेपासून सेट वेगळा ठेवणारा एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लाकडी खोक्यात बसवून सोबत दिला. त्याचे पैसे लावले नाहीत.

काकू घ्यायला आल्या. कोपऱ्यावर बोट फिरवलं, बोल्टांची जागा सापडेना. मी सेट लावला. एलईडी बल्बांची सरसर होती, तरी त्यातून गाणं येत होतं. काकूंनी घाबरत तळवा टेकवला.

"नाही हो चावत!" आणि मग म्हणाल्या, "तेव्हा तो बोल्ट लावणारा कोण होता कुणास ठाऊक. हे म्हणायचे, त्याला एकदा ओल्या हाताने धरायला लावलं पाहिजे."

मी म्हणालो, "हो ना."

सांगायला हवं होतं का? घरी बायकोला विचारलं. ती म्हणाली, आता सांगून काकूंना काय मिळणार होतं? बरोबर आहे. पण माईंना पाटावर उभं करणारा मी, आणि कसाई म्हणणाराही मीच, हे डोक्यातून जात नाही.

सेट बंद करण्याआधी मी काचेच्या कापडावर आतून नंबर कोरला होता. आजचा, आणि त्याच्या शेजारी ३१२ / ८७. अक्षर एकाच हाताचं आहे, हे पुढच्या मेकॅनिकला कळेल. काकूंना दिसणार नाही. मागची पाटी कधीही उघडायची नाही, हे मीच त्यांना दोनदा बजावून सांगितलंय.