कॉम्प्युटर तासाभराने हँग होतो? फॉरमॅट मारायची घाई नको

‘सकाळी चालू केला की मस्त चालतो, तास-दीड तासाने हँग होतो. फॉरमॅट मारू का?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: एवढ्यात नको. फॉरमॅटने विंडोज नवी होते, पण पंख्यातली धूळ, नीट न बसलेली रॅम (मेमरीची पट्टी) आणि शेवटच्या घटका मोजणारी हार्ड डिस्क आहे तिथेच राहतात. शिवाय विंडोजने लिहून ठेवलेल्या बिघाडाच्या नोंदीही पुसल्या जातात, आणि नेमक्या त्याच आपल्याला हव्या असतात.

आधी हँग कसा होतो ते बघा. बटण दाबून बंद करायच्या आधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो, माउस हलतो, पण काहीच उघडत नाही, असं असेल तर यंत्र जिवंत आहे. ते बहुधा डिस्कची किंवा मेमरीची वाट बघत बसलंय. चित्र थिजलं पण गाणं चालूच राहिलं, तर ग्राफिक्सवर संशय घ्या. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, नव्याने सुरू होतो. तेवढ्याने पडदा हलला तर ड्रायव्हर बदलून बघणं आलं. माउस मेला, आवाज टर्रर्र करत एकाच जागी अडकला, दिवाही बदलत नाही, तर मात्र रॅम, बोर्ड, एसएमपीएस (सगळ्या यंत्राला वीज पुरवणारा डबा) नाहीतर एखादा ड्रायव्हर. ही तपासणी वायरच्या कीबोर्डवर करा, बिनवायरच्या पुष्कळ कीबोर्डांना तो दिवाच नसतो.

‘रोज रात्री बंद करतो हो’ असं सांगणाऱ्यांनी एकदा कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली ‘अप टाइम’ बघावा. तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसू शकतो. फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउन करताना विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जपून ठेवले जातात आणि सकाळी तेच उचलून परत वापरले जातात. एखादा ड्रायव्हर मेमरी खात सुटला असेल तर तोही तसाच परत येतो. रिस्टार्टने मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. तेव्हा रिस्टार्ट करा, प्रोसेसेसमध्ये मेमरीच्या रकान्यावर क्लिक करून मोबाईलने फोटो काढा आणि तासाभराने पुन्हा एक काढा. कोण फुगलं ते दोन फोटोंत समोर येईल. बहुतेकदा ब्राउझर निघतो. त्याची एक्स्टेन्शन एकेक करून बंद करा. दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत असतील तर एकाला आजच निरोप द्या.

आता उष्णता. मुंबईत हा पहिला संशयित, आणि तो उगाच नाही. दमट हवेत धूळ सुटी राहत नाही; हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या पात्यांमध्ये तिचा नमद्यासारखा थर बसतो आणि पंखा फिरत असूनही हवा आरपार जात नाही. त्यात आपलं कॉम्प्युटर टेबल: सीपीयूच्या डब्यासाठी तीन बाजूंनी बंद खण, मागे भिंत. गरम हवा बाहेर जायची कुठून? डबा बाहेर काढून मागे निदान सहा इंच जागा सोडा.

तपासायची सोपी युक्ती म्हणजे डब्याचं बाजूचं झाकण काढायचं आणि टेबल फॅन दोन फुटांवरून आत सोडायचा. एरवी तासाने हँग होणारं यंत्र आता संध्याकाळपर्यंत टिकलं, तर प्रश्न उष्णतेचाच. ‘प्रोसेसर तर सत्तरवरच आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. आजचे प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास स्वतःच मंदावतात आणि त्याहून तापले की यंत्र बंद पडतं. थिजतं ते बऱ्याचदा बाजूचं काहीतरी तापून, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, एसएसडी नाहीतर बोर्डावरचा वीज पुरवणारा भाग. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर यांतल्या बहुतेकांचं तापमान वेगवेगळं दाखवतं. ग्राफिक्स कार्डाचा पंखा बंद दिसला तर लगेच घाबरू नका, कमी कामात तो थांबवण्याची सोय पुष्कळ कार्डांमध्ये असते.

सफाई करताना प्लग काढा, डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या, आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. ओलं फडकं नको. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट (उष्णता पोचवणारा लेप) वाळली असेल तर जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मसुराच्या दाण्याएवढी नवी मधोमध ठेवा; थापायची गरज नाही, कूलर दाबला की ती पसरते. एएमडी प्रोसेसरच्या एएम४ सॉकेटवरचा (बोर्डावरच्या बैठकीवरचा) कूलर सरळ वर ओढू नका, वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. आधी यंत्र थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हळूच डावी-उजवीकडे पिळत सोडवा. इंटेलच्या जुन्या कूलरची चार प्लॅस्टिकची बटणं मात्र एकेक हलवून बघा. एक जरी निसटलं असलं तरी कूलर तिरका बसतो.

फॅन लावूनही तेवढ्याच वेळात हँग होतो? मग रॅम. पट्टी काढा, सोनेरी टोकं पुसा, टक आवाज येईपर्यंत दाबून बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक दिवस एकेकीवर चालवून बघा. खात्री हवी असेल तर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राईव्हवर घालून रात्रभर सोडा. सकाळी एकही चूक दिसली तर ‘एकच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नका, ती पट्टी बाद.

डिस्क तपासायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर. हार्ड डिस्कच्या यादीत सी५ किंवा ०५ या (डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागा मोजणाऱ्या) ओळींचा कच्चा आकडा शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल, तर बाकी सगळं थांबवून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. सी७ वाढत असेल तर बहुधा डिस्कऐवजी तिला बोर्डाशी जोडणारी साटा केबल खराब असते, तीच आधी बदला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या बिघाडाच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की लोक एसएमपीएस बदलायला धावतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की यंत्र नीट बंद झालं नव्हतं, आणि ते तर तुम्हीच बटण दाबून बंद केलं होतं! बघायचं ते त्याच्या आधीच्या मिनिटांत: ‘डिस्क’च्या नावाने ७ किंवा १५३ (डिस्कची तक्रार), नाहीतर ‘व्हिया-लॉगर’ (हार्डवेअरची चूक).

राहिला एसएमपीएस. तो तापला की आतले थकलेले कपॅसिटर दगा देतात आणि १२ व्होल्टची लाईन घसरते, ती ११.४ ते १२.६ मध्ये राहायला हवी. पण एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असते. इथे दुकान बरं, लॅमिंग्टन रोडचं असो की नाक्यावरचं. तिथे नुसतं ‘हँग होतो’ म्हणू नका. किती वेळाने, माउससकट की कसं, टेबल फॅनने फरक पडला का, रॅम तपासली का, हे एका कागदावर लिहून द्या आणि दुसरा एसएमपीएस लावून निदान दोन तास चालवायला सांगा. दहा मिनिटांत ‘चालतोय की’ म्हणून परत देणाऱ्याने काहीच तपासलेलं नसतं, कारण तुमचा तर हँगच तासाभराने होतो.