चावलेली जीभ

परवा दुपारी जेवता जेवता जीभ चावली. चांगली दाढेखाली सापडली आणि डोळ्यांतून टचकन पाणी आलं. "कुणीतरी आठवण काढतंय," असं समोरून ऐकू आलं. "काढू दे की, चावायला कशाला हवं?" हे उत्तर तयार होतं, पण जीभ हलेना. तिथंच विरलं.

जखम कडेला होती. 'च' आणि 'श' म्हणताना नेमकी दाढेवर घासायची. त्यामुळे 'चूक', 'कशाला', 'शहाणपणा' हे माझे रोजच्या वापरातले शब्द आपोआप गळले. संध्याकाळी मुलानं दबक्या आवाजात विचारलं, "आई, तू आमच्यावर रागावलीयस का?" म्हणजे मी गोड बोलले की घरात घबराट पसरते.

बायबलमधल्या स्तोत्र 141 मध्ये दावीद राजा देवाकडे आपल्या तोंडावर पहारा मागतो. ही प्रार्थना मी कळायला लागल्यापासून करते. पहारेकरी येतो, नाही असं नाही. पण माझं बोलून झाल्यावर. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे ख्रिस्ती संन्यासी अब्बा अगाथो यांनी तर मौन अंगी बाणावं म्हणून तीन वर्षं तोंडात दगड धरला होता, अशी आठवण सांगतात. तीन वर्षं! मी एका दाढेला कंटाळले होते.

मला खरी चीड आहे ती 'प्रेमानं' बोलणाऱ्यांची. प्रेषित पौलानं इफिसकरांना, म्हणजे इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, पत्रातून प्रेमानं सत्य बोलायला सांगितलं, त्यातलं 'प्रेमानं' आम्ही प्रस्तावनेत उरकून टाकतो. "राग मानू नकोस हं, अगदी प्रेमानं सांगते," असं कुणी सुरू केलं की मी मनातल्या मनात डोक्यावर हात घेते. हे वाक्य मीही पुष्कळदा वापरलंय, म्हणून तर त्याची धार ठाऊक आहे.

आमच्याकडे बायबलमधलं नीतिसूत्रांचं पुस्तक तारखेनुसार, रोज एक अध्याय, वाचायची पद्धत होती. अध्याय 31, त्यामुळे हिशोब सोपा. दर 27 तारखेला मी काकांकडे बघत बसायची. पहाटे उठून मोठ्यानं मित्राला आशीर्वाद देणाऱ्याचा आशीर्वाद शापच समजला जाईल, असं त्या अध्यायात 14वं वचन आहे. काका ते शांतपणे वाचायचे आणि 28च्या पहाटे पुन्हा खणखणीत आवाजात सगळ्या घराला "देव तुमचं भलं करो!" म्हणून उठवायचे.

शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या बायबलच्या वर्गात, एकदा बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय पाठ करायला होता. पहिली बारा वचनं, सगळी जिभेवर. घोड्याचा लगाम, जहाजाचं सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी. मी एका दमात म्हणून दाखवली. माझ्यानंतर जी मुलगी उभी राहिली ती बोलताना अडखळायची. सातव्या वचनापर्यंत आली. पशू, पक्षी, सरपटणारे जीव... आणि 'जलचर' काही निघेना. "ज... ज... ज..." फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळत ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिली.

मी शेजारणीच्या कानात तसंच "ज... ज... ज..." केलं. हळूच, पण वर्गात इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं. पोरं फुटली. जिभेला माणूस वश करू शकत नाही, हे आठवं वचन. ते यायच्या आधीच.

बाई रागावल्या नाहीत. मला बक्षीस मिळालं, पुस्तकात ठेवायची खूणपट्टी. देताना बाई एवढंच म्हणाल्या, "तुझं पाठ झालं."

मी खुशीत घरी गेले. त्या वाक्याचा अर्थ लागायला मला बरीच वर्षं लागली.

जीभ आता बरी आहे. आज सकाळी "चष्मा कुठे ठेवला माझा, शहाण्यांनो?" असं मी न दुखता म्हणाले आणि घरातल्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

ती मुलगी त्यानंतर पाठांतराला कधीच उभी राहिली नाही.